डॉनी व्हॅन डे बीक : जागाच नसलेल्या संघात आलेला खेळाडू

२ सप्टेंबर २०२० रोजी इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने डच खेळाडू डॉनी व्हॅन डे बीकला घेतल्याचं जाहीर केलं. करार पाच वर्षांचा, आणखी एक वर्ष वाढवायची सोय. त्याच्या आधीच्या डच क्लबला, अयाक्सला, ३ कोटी ९० लाख युरो आणि पुढच्या कामगिरीवर आणखी ५० लाख. महिना उलटायच्या आत पहिली कुरबुर छापून आली. २६ सप्टेंबरला ब्रायटनविरुद्ध युनायटेड कसंबसं ३-२ जिंकलं. ब्रायटनचे फटके पाच वेळा गोलच्या चौकटीवर आदळून परत आले होते. डॉनीला त्या सामन्यात अगदी शेवटी उतरवलं गेलं. अयाक्सचे जुने दिग्गज श्याक स्वार्ट तेव्हा डॉनीच्या एजन्सीशीही जोडलेले होते. चार मिनिटांसाठी मैदानात पाठवण्यापेक्षा बाकावर बसलेलं बरं, अशा अर्थाचं ते डच माध्यमांत बोलून गेले.

तेव्हापासून जुलै २०२४ मध्ये तो क्लब सोडेपर्यंत एकही ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरावीक मुदत) अशी गेली नाही की त्याचं नाव कुठल्या ना कुठल्या क्लबशी जोडलं गेलं नाही. मी हे प्रकरण पहिल्या दिवसापासून पाहत आलोय आणि त्याची मला आजही चुटपुट लागते. या अफवा सरसकट खोट्या नव्हत्या. पण त्या एकच प्रश्न विचारत राहिल्या : हा आता जाणार कुठे? विचारायला हवा होता तो दुसराच. याला आणलं तेव्हा नेमक्या कुठल्या जागेसाठी आणलं?

आधी तो काय होता

१८ एप्रिल १९९७ चा जन्म, अयाक्सच्या अकादमीतून वर आलेला मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. एरिक टेन हाग यांच्या ज्या अयाक्स संघाने २०१८-१९ मध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली आणि नेदरलँड्समध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकले, त्याचा तो कणा होता. फ्रेंकी डी याँग चेंडू पुढे आणायचा, झियेश आणि टॅडिच तो फिरवायचे. डॉनी मात्र बराच वेळ चेंडूशिवायच धावताना दिसायचा. त्याची खासियत तीच होती. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, बचावपटूंचे डोळे त्या दुसऱ्यावर खिळतात आणि तेवढ्यात तिसरा कोणाच्या लक्षात न येता गोलपुढच्या बॉक्समध्ये शिरतो. डॉनी हा तो तिसरा.

त्याला समजून घ्यायचं असेल तर १६ एप्रिल २०१९ चा तूरिनमधला गोल पाहावा. युव्हेंटस १-० ने पुढे, ३४वं मिनिट. झियेशने बाहेरून मारलेला फटका नीट बसत नाही, चेंडू घरंगळत बॉक्समध्ये येतो. बाकीचे तो गोलकडे जातोय की बाहेर हे बघत उभे आहेत. डॉनी आधीच तिथे पोहोचलाय. पायाने चेंडू थांबवतो, क्षणभर मान वर करतो आणि शांतपणे जाळ्यात ठेवतो. ऑफसाइडची तपासणी झाली, गोल ग्राह्य धरला गेला आणि अयाक्स तो सामना २-१ ने जिंकलं. दोन आठवड्यांनी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध १५व्या मिनिटाला पुन्हा तेच. झियेशचा पास, बॉक्समध्ये एकटा डॉनी, गोलरक्षक हलेपर्यंत थांबणं आणि मग फटका. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी'ओरच्या त्या वर्षीच्या ३० नामांकितांत तो होता.

अशा खेळाडूला एका गोष्टीची फार गरज असते. आजूबाजूच्यांना तो कधी आणि कुठून येणार हे ठाऊक असावं लागतं. चेंडू पायात घेऊन तीन जणांना चकवणारा खेळाडू कुठल्याही संघात दहा मिनिटांत छाप पाडू शकतो. डॉनीसारख्याला ते जमत नाही, कारण त्याचं अर्धं काम पास देणाऱ्याच्या डोक्यात होत असतं.

खरेदी कशी झाली

त्याआधी रिअल माद्रिदशी त्याची बोलणी बरीच पुढे गेली होती. मग कोरोना आला. २४ एप्रिल २०२० ला डच लीग विजेता न ठरवताच रद्द झाली आणि माद्रिदचा विषयही थांबला. एक नावाजलेला, २३ वर्षांचा मिडफिल्डर अचानक वाजवी किमतीत उपलब्ध झाला.

युनायटेडला त्या उन्हाळ्यात खरं तर जेडन सँचो हवा होता, म्हणजे उजव्या बगलेवरचा खेळाडू. त्याचा क्लब डॉर्टमुंड किमतीवरून मागे हटेना. मधल्या फळीत तर ब्रुनो फर्नांडिसने जानेवारी २०२० मध्ये येऊन सगळ्या क्लबचा नूर पालटला होता. तो बरोबर त्याच जागी खेळायचा जिथे डॉनी अयाक्समध्ये वाढला होता. स्ट्रायकरच्या मागे. मधल्या फळीतला पॉल पोग्बा जाईल तेव्हा उपयोगी पडेल, असा हिशेब डॉनीच्या खरेदीमागे असावा, असं मला वाटतं. पण पोग्बा त्या वर्षी गेला नाही, पुढच्याही वर्षी नाही. तो गेला २०२२ मध्ये.

गरज एका जागेची होती आणि खरेदी दुसऱ्या जागेची झाली. बाकावर बसणं त्या दिवशीच ठरून गेलं होतं.

आल्यावर त्याने ३४ नंबरचा शर्ट मागून घेतला. अयाक्समधला त्याचा जिवलग मित्र अब्देलहक नूरी हाच नंबर घालायचा. ८ जुलै २०१७ रोजी ऑस्ट्रियात वेर्डर ब्रेमेनविरुद्धच्या सराव सामन्यात नूरी मैदानावर कोसळला, त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि त्याचं फुटबॉल तिथेच संपलं. मित्राचा नंबर पाठीवर घेऊन आलेल्या मुलाला चार-चार मिनिटं खेळताना बघणं मला म्हणूनच जास्त जड गेलं.

ब्रुनोच्या सावलीत

१९ सप्टेंबर २०२०, क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा सामना, कोरोनामुळे युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाचे सगळे स्टँड रिकामे. त्या हंगामाआधी युनायटेडने जेमतेम एक सराव सामना खेळला होता आणि नवीन खेळाडूला संघात मुरायला वेळच मिळालेला नव्हता. ६७व्या मिनिटाला डॉनी पोग्बाच्या जागी उतरला. ८०व्या मिनिटाला बॉक्समध्ये सुटलेल्या चेंडूवर सगळ्यांच्या आधी पोहोचला आणि गोल केला. तूरिनसारखाच गोल. युनायटेड तो सामना १-३ हरलं.

त्या हंगामात लीगमध्ये तो १९ सामने खेळला, पण सुरुवातीच्या अकरात फक्त चार वेळा. उरलेले १५ बदली म्हणून, त्यातले बरेच शेवटच्या काही मिनिटांपुरते. बदली खेळाडूंच्या नियमाचाही फटका बसला. कोरोनानंतर इतर बहुतेक लीगनी पाच बदलांची मुभा कायम ठेवली, पण इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२०-२१ साठी ती नाकारून पुन्हा तीनवर आणली. पाचचा नियम तिथे कायमचा आला २०२२-२३ मध्ये. तीनच बदल असले की प्रशिक्षक पहिला बदल गोलसाठी करतो, दुसरा दुखापतीसाठी राखतो आणि तिसरा वेळ काढायला. मधल्या फळीतल्या चौथ्या-पाचव्या माणसाला त्यात काय मिळणार? चॅम्पियन्स लीगमध्ये पाच बदल होते, तिथे तो जास्त दिसला. २८ ऑक्टोबरला लाइपझिगविरुद्ध युनायटेडचे प्रशिक्षक ओले गुन्नार सोल्शायर यांनी मधली फळी हिऱ्याच्या आकारात मांडली, डॉनी पहिल्यापासून खेळला आणि युनायटेड ५-० जिंकलं. ती मांडणी मात्र कायम राहिली नाही.

या प्रकरणातले दोन सामने मला सगळ्यांत बोलके वाटतात. पहिला ५ डिसेंबर २०२० चा, वेस्ट हॅमच्या मैदानावर. डॉनी पहिल्यापासून, ब्रुनो बाकावर. मध्यंतराला युनायटेड ०-१ ने मागे. सोल्शायर डॉनीला काढून ब्रुनोला आणतात आणि संघ ३-१ ने जिंकतो. दुसरा जवळपास वर्षभराने, २३ नोव्हेंबर २०२१ ला व्हियारेआलमध्ये. सोल्शायर गेलेले, मायकेल कॅरिक हंगामी प्रशिक्षक. त्यांनी ब्रुनोला बसवून डॉनीला खेळवलं. तासाभराच्या खेळात ०-० बरोबरी. मग डॉनी बाहेर, ब्रुनो आत आणि सामना २-० ने खिशात. प्रशिक्षक बदलला, स्पर्धा बदलली, पण निकाल तोच आणि बदलही तोच.

त्याच्या बाजूने बोलताना मला हे दोन सामने टाळता येत नाहीत. ब्रुनोने २०२०-२१ मध्ये लीगमध्ये ३७ सामन्यांत १८ गोल केले होते. त्याला बसवायचं कारण कुठल्याच प्रशिक्षकाकडे नव्हतं. दोघांना एकत्र खेळवायचं तर डॉनीला मागे आणावं लागायचं, फ्रेड आणि मॅकटॉमिनेच्या जागी, जिथे चेंडू हिसकावणं आणि मागची मोकळी जागा झाकणं ही मुख्य कामं. ती त्याची ताकद नव्हतीच. शिवाय सोल्शायर यांचा संघ चेंडू मिळाला की रॅशफर्डसारख्यांना लांब पळवून हल्ला करणारा. असा हल्ला तीन-चार पासांत आटोपतो, तिसऱ्या माणसाला बॉक्सपर्यंत पोहोचायला वेळच राहत नाही.

अफवा कशावर पोसली गेली

बाकावरच्या खेळाडूची अफवा सहसा कॅमेऱ्यापासून सुरू होते. २९ सप्टेंबर २०२१ ला ओल्ड ट्रॅफर्डवर व्हियारेआलविरुद्धच्या सामन्यात आपली पाळी आज येणार नाही हे कळल्यावर डॉनी वैतागून तोंडातलं च्युइंग गम फेकताना टीव्हीवर दिसला. दोन सेकंदांचं दृश्य, पण पुढचे कित्येक दिवस त्यावरच चर्चा. त्याआधी दोन आठवडे बर्नमध्ये यंग बॉइजविरुद्ध तो पहिल्यापासून खेळला होता. युनायटेडच्या वान-बिसाकाला लाल कार्ड मिळालं, संघ दहा जणांवर आला आणि मध्यंतराला बचावपटू आणण्यासाठी डॉनीला बाहेर घेतलं गेलं. डावपेच म्हणून ते समजण्यासारखं होतं. पण आधीच कमी मिनिटं मिळणाऱ्या माणसाच्या बाबतीत असा प्रत्येक बदल त्याच्यावरचा निकाल म्हणून वाचला जातो.

दुसरा धागा एजंटचा. एजंट उगाच बोलत नाही. 'डॉनीला खेळायचंय' असं जेव्हा तो वर्तमानपत्राला सांगतो, तेव्हा ते वाक्य वाचकांपेक्षा इतर क्लबांच्या खेळाडू-खरेदीचं बघणाऱ्या माणसांसाठी असतं. दार उघडं आहे, विचारून बघा, एवढाच त्याचा अर्थ. तिसरा धागा पत्रकार परिषदेचा. प्रशिक्षकाला विचारलं जातं आणि तो म्हणतो, 'डॉनी सरावात छान करतोय, त्याची वेळ येईल.' दुसरं तो म्हणणार तरी काय? खेळाडू नको आहे असं म्हटलं तर किंमत पडते, हवा आहे म्हटलं तर पुढच्या शनिवारी खेळवावं लागतं. म्हणून अशा उत्तरातून काहीही सिद्ध होत नाही आणि ते बातमी म्हणून वाचू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्या गोंगाटात एक अफवा मात्र खरी निघाली. ऑगस्ट २०२१ मध्ये विंडो बंद होताना एव्हर्टन क्लबला लोनवर (म्हणजे ठरावीक काळापुरतं उसनं) जायची तयारी झाली होती आणि ती युनायटेडने थांबवली, हे त्याच्या एजंटने नंतर सांगितलं. मला या प्रकरणातला हा सगळ्यांत खटकणारा निर्णय वाटतो. जाऊ दिलं नाही तर खेळवायचं, हा साधा व्यवहार आहे. तो पाळला गेला नाही. त्यानंतर नोव्हेंबर उजाडेपर्यंत लीगमध्ये त्याच्या वाट्याला मोजून काही मिनिटं आली. २० नोव्हेंबरला वॉटफर्डमध्ये संघ मागे पडल्यावर मध्यंतराला त्याला उतरवलं, ५०व्या मिनिटाला त्याने डोक्याने गोल केला. युनायटेड ४-१ हरलं आणि दुसऱ्या दिवशी सोल्शायर यांची नोकरी गेली.

राष्ट्रीय संघही निसटला. जून २०२१ मध्ये दुखापतीमुळे युरो स्पर्धेतून माघार घ्यावी लागली होती आणि नंतर लुई व्हान खाल यांच्या संघातून त्याचं नाव गळालं. क्लबमध्ये न खेळणाऱ्या मिडफिल्डरला कुठला राष्ट्रीय प्रशिक्षक घेईल?

पैशाचा आकडा खेळाडूला कसा बांधून ठेवतो

'खेळवत नाहीत तर विकून का टाकत नाहीत?' हे चाहत्यांकडून नेहमी ऐकू येतं. क्लबच्या हिशेबात खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागली जाते. ३ कोटी ९० लाख भागिले पाच, म्हणजे दर वर्षी ७८ लाख युरो खर्ची पडतात. वर्षभरानंतर वहीत त्याची किंमत ३ कोटी १२ लाख उरते. त्यापेक्षा कमी पैशांत विकलं तर तेवढा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो. पण बाकावर बसलेल्या खेळाडूला बाजारात तेवढी किंमत येत नाही, आणि बसवून ठेवलं की ती आणखी उतरते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत अशा खेळाडूच्या विक्रीची अफवा सहसा लोनवर येऊन थांबते. डॉनीचंही तेच झालं. ३१ जानेवारी २०२२ ला तो एव्हर्टनला लोनवर गेला, ज्या दिवशी फ्रँक लॅम्पार्ड तिथे प्रशिक्षक झाले त्याच दिवशी.

खेळाडूच्या हातात काय असतं? फिफाच्या नियमांत एक तरतूद आहे. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू हंगामात क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी सामने खेळला असेल, तर तो 'क्रीडाविषयक न्याय्य कारण' दाखवून करार मोडू शकतो. त्यासाठी मुदत हंगामातल्या क्लबच्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतरचे १५ दिवस. कागदावर आधार भक्कम वाटतो. प्रत्यक्षात पहिल्या हंगामात सगळ्या स्पर्धा धरून डॉनीच्या नावावर ३६ सामने होते. शेवटच्या दहा मिनिटांसाठी उतरणाऱ्याच्या नावापुढेही सामना लागतोच. जो अधूनमधून उतरतो पण खेळत नाही, त्याला या नियमातून फारसं काही मिळत नाही.

गुरू आले, तरीही

एव्हर्टनमध्ये सात सामने आणि एक गोल, तोही शेवटच्या दिवशी आर्सेनलविरुद्ध. दरम्यान २०२२ च्या उन्हाळ्यात एरिक टेन हाग युनायटेडचे प्रशिक्षक झाले. आता अफवांचा सूर एकदम पालटला : ज्यांनी घडवलं तेच आले, डॉनीचे दिवस फिरणार. मीही त्यावर विश्वास ठेवला होता. पण टेन हाग यांना अयाक्सचा संघ मिळाला नव्हता. ब्रुनो तिथेच होता, वर एरिक्सन आला, ऑगस्टमध्ये कासेमिरो आला. प्रशिक्षकाच्या मनात जागा होती, मैदानावर नव्हती. ३ जानेवारी २०२३ ला बोर्नमथविरुद्ध तो पहिल्यापासून खेळत असताना एका टॅकलमध्ये त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. २०२३-२४ मध्ये युनायटेडसाठी दोन सामने, मग जानेवारीत जर्मनीच्या आइनट्राख्ट फ्रँकफुर्टला लोन.

आल्या आल्या खेळायला न मिळणं ही दर वेळी शोकांतिका नसते, हेही इथेच नोंदवतो. मिडफिल्डर फाबिन्यो २०१८ मध्ये मोनाकोहून लिव्हरपूलला आला आणि लीगमधला पहिल्यापासूनचा पहिला सामना त्याला मिळाला २७ ऑक्टोबरला, कार्डिफविरुद्ध. मधल्या काळात तो परत फ्रान्सला जाणार अशा बातम्या येत होत्या. फरक असा की लिव्हरपूलच्या मधल्या फळीत बचावापुढची जागा त्याचीच वाट पाहत होती, प्रशिक्षक युर्गन क्लॉप त्याला तिचं काम शिकवत होते एवढंच. पुढच्याच उन्हाळ्यात तो चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पहिल्यापासून होता. दोघांच्याही अफवा ऑक्टोबरमध्ये अगदी सारख्याच वाचायला मिळाल्या होत्या. बाकावरचे फोटो सारखे, एजंट सारखेच बोलणारे, प्रशिक्षकांची उत्तरं सारखी. म्हणून हल्ली कुठल्याही नव्या खेळाडूबद्दल 'नाराज आहे, जाणार' असं वाचलं की मी आधी संघाची मांडणी काढून बसतो. तो ज्या जागी खेळतो तिथला आत्ताचा माणूस तिशी ओलांडलेला आहे का, त्याचा करार संपत आलाय का, की तो क्लबचा सगळ्यांत चांगला खेळाडू आहे?

जुलै २०२४ मध्ये स्पेनच्या जिरोनाने डॉनीला घेतलं. वृत्तांनुसार रक्कम ५ लाख युरो, वर काही अटींवरचे पैसे. युनायटेडसाठी ६२ सामने आणि दोन गोल, एक पॅलेसविरुद्ध, एक वॉटफर्डविरुद्ध. एव्हर्टनसाठीचा धरून इंग्लंडमधले त्याचे तिन्ही गोल संघ ०-२ ने मागे असताना आले. ते पुन्हा बघितले की तोच तूरिनचा मुलगा दिसतो. चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळलेलं आहे, आणि गोल झाल्यावर तो हात वर करायच्या ऐवजी चेंडू उचलून मध्यरेषेकडे पळत सुटतोय असं मला दर वेळी वाटतं, कारण गोल झाला तरी संघ अजून मागेच आहे.